आईच्या भाषेतली गीता : आचार्य विनोबा भावे

थोरांच्या चरित्राचे श्रवण हे आपल्याकडे एक साधनच मानले आहे. या खेपेस आम्ही जे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत ते फार जुन्या काळचे नव्हे. या पुरुषाने गळ्यात टाळ अडकवून फड चालविला नाही की कीर्तनाला उभे राहून बिदागी घेतली नाही. पण माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास जे काम केले त्याचाच धागा धरून तो जन्मभर चालला, म्हणून त्याची ओळख आपल्या घरात असावी असे आम्हांस वाटते. आचार्य विनोबा भावे हे ते पुरुष होत.

चरित्राला हात घालण्यापूर्वी भाषेविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्यावाचून या जीवनाचे मर्म हाती लागत नाही. उरण तालुक्यातले मोरा बंदर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येणारा माणूस तेथेच उतरतो. तिथल्या कोळीबांधवांशी घटकाभर बोलून पाहावे. शहरातल्या माणसापाशी समुद्रासाठी भरती आणि ओहोटी असे दोनच शब्द असतात. कोळ्यापाशी उधाण आहे आणि भांगही आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि तितकेच खाली ओसरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार मंदावतो, तो भांग. मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ फार. उधाणाच्या ओहोटीला तो उघडा पडतो आणि लाँच थांबते. बाहेरचा प्रवासी घड्याळाकडे बघून वैतागतो, कोळी मात्र तिथी सांगून मोकळा होतो. डोळे दोघांचेही सारखे आणि समुद्रही एकच, पण एकापाशी शब्द आहे म्हणून त्याला जे चटकन दिसते ते दुसऱ्याच्या ध्यानीमनीही येत नाही.

ही गोष्ट परदेशातल्या पंडितांनीही तपासून पाहिली आहे. अमेरिकेत बेंजामिन व्होर्फ नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. ते १९४१ साली वारले. पोटापाण्यासाठी ते आगीच्या विम्याच्या कंपनीत काम करीत आणि आग का लागली याचा तपास करीत. त्यांच्या असे लक्षात आले की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी माणसे जपून वागतात आणि रिकाम्या पिंपांपाशी खुशाल विडी ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असते, आणि भडका तिचाच मोठा उडतो. पण रिकामे हा शब्द कानी पडला की मन निर्धास्त होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये एक मूळनिवासी लोक आहेत, ते डावे-उजवे न म्हणता पूर्व-पश्चिम म्हणूनच सारे सांगतात, आणि त्यामुळे त्यांना कुठेही उभे केले तरी दिशा सहसा चुकत नाही. भाषा म्हणजे विचाराला घातलेली बेडी आहे असे जे कोणी टोकाला जाऊन म्हणतात ते आज विद्वानांना मान्य नाही. परंतु भाषा मनाला वळण लावते, एवढे आता बहुतेक सगळे कबूल करतात.

आपल्याला हे सांगायला अमेरिकेला कशाला जायला हवे? वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो. ज्ञानोबाराय पुरुष, पण त्यांना आपण आई म्हटले. पुढे वाटेत भेटेल तो माउली झाला. म्हातारा असो, पोरगा असो, जातीचा कोण असो, त्याच्या पाया पडताना मन अडखळत नाही, कारण तोंडातून अगोदर माउली निघालेले असते. हाक आधी, भाव मागून. शब्दाच्या अंगी असे सामर्थ्य आहे. विनोबांचे सगळे जीवन याच सामर्थ्याची कसोटी होते, असे म्हणावयास हरकत नाही.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. पेण म्हणजे उरणचा शेजारचा तालुका. तेव्हा त्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. १९८१ पासून रायगड हे नाव झाले. मूळ नाव विनायक नरहर भावे. आजोबा शंभूराव मोठे देवभक्त. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला, त्यांची दृष्टी शास्त्राची आणि नव्या विद्येची. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, पण संतांची पदे तिच्या तोंडी असत आणि घरकाम करता करता ती गुणगुणत असे.

घराच्या अंगणात फणसाचे झाड होते. मुलगा फणस धरल्यापासून विचारू लागे की आता खायला कधी मिळणार. फणस पिकला की आई तो कापी, गरे काढून द्रोण भरी आणि मुलांना सांगे की आधी शेजारी नेऊन द्या. सगळी घरे झाली की मग मुलांना जवळ बसवून त्यांच्या हातावर गरे ठेवी. वर एक उलगडाही करी. देणे या क्रियेतून तिने देव काढला आणि राखणे या क्रियेतून राक्षस. जो देतो तो देव, जो राखून ठेवतो तो राक्षस, असा तिचा सोपा हिशेब. व्याकरणाचा पंडित म्हणेल की ही व्युत्पत्ती खरी नाही. नसेना का! मुलाच्या मनात ती बसली ती कायमची. मराठीत या शब्दांचे ध्वनी जवळजवळ आले म्हणून हा विचार इतका पक्का ठसला. दुसऱ्या भाषेत हाच उपदेश केला असता तर उपदेश राहिला असता, पण शब्दांनी एकमेकांना मारलेली मिठी राहिली नसती. चाळीसपन्नास वर्षांनी या मुलाने देशभर हिंडून जमीन मागितली, तिचे बी त्या फणसाच्या गऱ्यात होते.

पुढे मुलगा बडोद्यास शिकू लागला. शाळेत दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने फ्रेंच घेतली. म्हणजे पहा, ज्या माणसाने पुढे गीता मराठीत आणली त्याने शाळेत संस्कृत शिकलेच नव्हते. पण मूळ ओढा संतवाङ्मयाचा. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, दासबोध यांची पारायणे त्याने लहान वयातच केली.

सन १९१५ ची गोष्ट. बडोद्यास कोणी शास्त्रीबुवा गीतेवर प्रवचन करीत होते. आई ऐकायला गेली आणि घरी येऊन मुलाला म्हणाली की संस्कृत काही आपल्याला उमगत नाही, मराठीतली गीता आणून दे. त्याने गद्यातली एक आणली. आईला पद्य हवे होते, म्हणून त्याने वामन पंडितांची समश्लोकी आणली. तीही तिला जड गेली. मराठी असूनही तिच्या रोजच्या बोलण्यातली ती मराठी नव्हती. मुलगा म्हणाला की याहून सोपी नाही, आता करावे काय? तेव्हा आईने अगदी सहज सुचविले की मग तूच का करीत नाहीस.

एवढेच झाले. आई ती गोष्ट विसरलीही असेल. पण मुलाच्या डोक्यावर ते ऋण चढले. विचार करा, त्या माउलीची तक्रार काय होती? गीतेवर तिची श्रद्धा नव्हती असे नाही. संस्कृत श्लोक कानावर पडले तरी पुण्य लागते, हे तिलाही मान्य असणार. पण पुण्य लागणे वेगळे आणि अर्थ लागणे वेगळे. पोथीला नमस्कार करून घरी येण्यात तिचे समाधान झाले नाही. तिला त्या विचाराने विचार करायचा होता, आणि तो तिला ज्या भाषेत ती मुलाला हाक मारी, मीठमिरची मोजी, देवापुढे रडे, त्याच भाषेत करता येणार होता.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीस गेला. त्यापूर्वीच त्याने आपली प्रशस्तिपत्रे चुलीत जाळली होती. काशीत काही महिने काढल्यावर ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेस कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली आणि तेथेच तो राहिला. विनोबा हे नाव त्याला आश्रमातच मिळाले. पुढच्या वर्षी रजा घेऊन ते वाईस गेले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्ताचा अभ्यास केला. मग पायी गावोगाव हिंडून गीतेवर बोलले. सन १९१८ मध्ये मोठी साथ आली, तीत आई गेली. आईच्या जाण्यानंतर त्यांनी वेदांचे अध्ययन हाती घेतले. मराठी मागणारी आई गेली, मागणी तेवढी उरली.

सन १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले. १९२३ मध्ये त्यांनी महाराष्ट्र-धर्म नावाचे मासिक काढले. मराठीत लिहिण्याचा हात तेथे बसला. आईचे बोलणे होऊन पंधरा वर्षे लोटली तरी त्यांनी गीतेला हात लावला नव्हता. आधी मूळ पचले पाहिजे, आणि पचले म्हणजे आचरणात उतरले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. अखेर ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे त्यांनी आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी सातशे श्लोक पुरे केले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे, बरं का. अनुष्टुभाचा एक चरण म्हणजे आठ अक्षरे, चार चरणांची बत्तीस. संस्कृतात समास करून चारपाच शब्द एकात कोंबता येतात. मराठीची रीत निराळी. तिला सुटसुटीत बोलायला आवडते, तिचे शब्दयोगी जागा खातात. तितक्याच अक्षरांत, तोच अर्थ, आणि तोही बायाबापड्यांच्या तोंडी बसेल असा, हा सगळा ताळा जमवायचा. वामन पंडितांसारख्या अधिकारी पुरुषाची मराठी जिथे आईला पेलली नाही, तिथे आपले शब्द पेलतील कशावरून? यावर विनोबांनी जी युक्ती केली ती फार मोलाची आहे. छापण्यापूर्वी त्यांनी आश्रमातल्या लहान मुलींना ती गीता शिकविली. मुलींना जो शब्द अडला तो शब्द बदलला. ग्रंथाची परीक्षा पंडितांच्या सभेत न करता परकर-पोलक्यातल्या पोरींच्या वर्गात केली. आई हयात नव्हती, तेव्हा तिच्या जागी या मुली बसविल्या, असेच आम्हांस वाटते.

नाव ठेवले गीताई. गीता अधिक आई. एका शब्दात सगळी हकीकत आली. संस्कृत गीता ही अर्जुनाला रणांगणावर सांगितलेली विद्या. मराठीत येताच ती आई झाली. शब्द बदलला की नातेही बदलते ते असे. पुढे धाकटे बंधू शिवाजीराव यांच्या साहाय्याने गीताईतल्या शब्दांचा कोशही त्यांनी तयार केला. म्हणजे सोपे करायचे, पण ढिले करायचे नाही. एकेक शब्द कुठून आला, का आला, याचा जाब द्यायला ते तयार होते.

सन १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असतानाच गीताईची पहिली आवृत्ती निघाली. त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचने त्यांनी राजबंद्यांपुढे केली. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते; त्यांनी ती भराभर उतरून घेतली, म्हणून आज आपल्याला गीता प्रवचने हा ग्रंथ मिळतो. त्यात कर्म, विकर्म आणि अकर्म हे अवघड शब्द त्यांनी सांगितले ते घरातल्या, शेतातल्या, पंढरीच्या वाटेवरच्या दाखल्यांनी. गीताईच्या लाखो प्रती घरोघर गेल्या. वर्ध्यास गीताई मंदिर आहे, तेथे शिळांवर ती कोरली आहे. या मंदिरात मूर्ती नाही. डोक्यावर छप्परही नाही.

आता कोणी विचारील की ज्याला मातृभाषेचे इतके वेड, तो दुसऱ्या भाषांचा दुस्वास करणारा असेल. इथेच विनोबांचे मोठेपण आहे. आपल्या आईला तिची भाषा लागते हे ज्याला खरोखर कळले, त्याला दुसऱ्याच्या आईलाही तिचीच भाषा लागते हे कळल्यावाचून राहत नाही. १९४२ च्या चळवळीत त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवले, तेथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा एकदम अभ्यास केला. कुराण प्रथम इंग्रजीतून वाचले होते, पण तेवढ्याने मन भरेना, म्हणून अरबी शिकून मूळ वाचले, त्याचा उच्चार घोटला. बडोद्यात फ्रेंच आधीच झाली होती. गुजराती, हिंदी, बंगालीही आल्या. यात भाषापंडित म्हणून मिरविण्याचा हेतू नव्हता. दुसऱ्या माणसाचा देव त्याच्या भाषेत कसा बोलतो हे ऐकण्याची ती तळमळ होती.

सन १९५१ उजाडले. तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालला होता. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावात हरिजनांनी विनोबांपाशी ऐंशी एकर जमीन मागितली. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले की तुमच्यापैकी कोणी देईल काय. तेव्हा रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानयज्ञाला येथून प्रारंभ झाला.

या कामात शब्दाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. दान म्हटले की आपल्या मनात काय येते? वर हात देणाऱ्याचा, खाली हात घेणाऱ्याचा. एक मोठा, एक लाचार. विनोबांना हे नको होते. त्यांनी शंकराचार्यांच्या गीताभाष्याकडे बोट दाखविले. तेथे दान या शब्दाचा अर्थ संविभाग, म्हणजे वाटून घेणे, असा केला आहे. जुनाच शब्द, पण त्यावरची धूळ झटकल्याबरोबर देणाऱ्याचा अहंकार आणि घेणाऱ्याची लाज दोन्ही कमी झाली. आणखी ते म्हणत की घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. कायद्याची भाषा बोलले असते तर जमीनदार वकिलाकडे धावला असता. त्यांनी घरातली भाषा काढली, आणि मुलगा म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे वाटणीचे वेगळेच चित्र उभे राहिले. फणसाचे गरे आधी शेजारी पोचवायला शिकविणारी आई इथे पुन्हा बोलत होती.

पण शब्दाचे सामर्थ्य सांगताना त्याची सीमाही सांगितली पाहिजे. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर मिळाली. तीतली पुष्कळ खडकाळ निघाली, काही तंट्यातली होती, काहींनी दिलेला शब्द फिरविला, आणि बरीचशी वाटलीच गेली नाही. शब्दाने मन हलते. सातबारा हलवायला मागे माणसे लागतात, कागदपत्र लागते, चिकाटी लागते. हे विनोबांच्या कार्याला उणेपणा आणण्यासाठी आम्ही लिहीत नाही. कीर्तनात डोळे पाणावले म्हणजे काम झाले, असे आपणही समजू नये म्हणून लिहितो.

सुमारे तेरा वर्षे, १९६४ पर्यंत, ते पायी चालले. ज्या प्रांतात जात तेथल्या संतांचा ग्रंथ हाती धरीत. ओरिसात त्यांनी जगन्नाथदासांचे ओडिया भागवत वाचले. या जगन्नाथदासांविषयी तिकडे असे सांगतात की आईला संस्कृत भागवत समजेना, म्हणून त्यांनी तिच्यासाठी ते ओडियात आणले. पाहा, नेवाशापासून जगन्नाथपुरीपर्यंत हीच कथा! आसामात माधवदेवांची नामघोषा, पंजाबात जपुजी, आणि त्यांचे सार काढून त्यांनी लोकांपुढे ठेवले. कुराणाचे सार काढले, ख्रिस्ती धर्माचेही काढले. निरनिराळ्या भाषांना जोडणारी म्हणून नागरी लिपी त्यांनी पुढे केली, पण ज्याची जी लिपी आहे ती त्याने सोडावी असा हट्ट धरला नाही. आपलीही ठेवा आणि हीही घ्या, एवढेच सांगितले.

भाषेचे दार उघडे करणाऱ्याला देवळाची दारे बंद मिळाली, हेही सांगितले पाहिजे. १९५३ मध्ये बिहारात वैद्यनाथधामास हरिजनांसह दर्शनाला जाताना त्यांना मारहाण झाली आणि एका कानाला कायमची इजा झाली. जगन्नाथपुरीस परधर्मी सोबतिणीला आत सोडीनात, म्हणून तेही दर्शन न घेता परतले. मग मे १९५८ मध्ये पंढरपूर आले. दहा-अकरा वर्षांपूर्वी याच पंढरीत साने गुरुजींनी प्राण पणाला लावून हरिजनांना दार उघडून दिले होते. आता विनोबांबरोबर ख्रिस्ती होते, मुसलमान होते. पांडुरंगाच्या देवळाने सर्वांना आत घेतले. विनोबांच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहिल्या. आपल्या संप्रदायाला अभिमान वाटावा असा तो दिवस होता. भेदाभेद अमंगळ मानणारी भाषा ज्या पेठेत शतकानुशतके बोलली गेली, तेथे हे घडले यात नवल नाही. उशिरा घडले हेच नवल.

भाषेच्या प्रश्नाने देश पेटला तो १९६५ च्या आरंभी. हिंदीच्या सक्तीच्या भीतीने तमिळ प्रदेशात दंगली उसळल्या, तरुणांनी स्वतःला जाळून घेतले. विनोबा हिंदीचे पुरस्कर्ते. त्यांची सभेतली भाषा बहुधा हिंदीच. तरी फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी उपोषण केले आणि तीन गोष्टी मागितल्या. हिंसा नको, ज्यांना नको त्यांच्यावर हिंदी लादू नका, आणि ज्यांना नको त्यांच्यावर इंग्रजीही लादू नका. भाषा प्रेमाने शिकली तर खिडकी होते, दंडुक्याने शिकविली तर भिंत होते, हे त्यांनी जेवण सोडून सांगितले.

आता चरित्रातला एक नाजूक भाग. तो टाळून पुढे गेलो तर चरित्र खोटे होईल. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी एक वर्षाचे मौन घेतले. मौन चालू असता जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. त्या काळात त्यांनी महाभारतातल्या अनुशासन पर्वाचे नाव दाखविले. सरकारने ते नाव उचलले आणि आणीबाणीला संतांचा आशीर्वाद मिळाला म्हणून गावोगाव पाट्या लावल्या. हजारो माणसे तुरुंगात होती. त्यांच्या घरच्यांना केवढे दुःख झाले असेल! विनोबा सरकारी संत झाले, अशी बोचरी टीका झाली. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की शासन राज्यकर्त्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, आणि आपल्याला दुसरे अभिप्रेत होते. पण तोवर तो शब्द त्यांचा राहिला नव्हता. पुढे जून १९७६ मध्ये गोवधबंदीसाठी उपोषणाचा त्यांचा संकल्प आश्रमाच्या मैत्री मासिकात छापला, तेव्हा त्याच सरकारच्या पोलिसांनी अंक जप्त केले. सोयीचा शब्द पाटीवर चढला आणि गैरसोयीचा जप्तीत गेला.

आम्ही यात विनोबांचा कैवार घेत नाही आणि त्यांना दोषही देत नाही. ज्याने जन्मभर शब्द तोलून वापरला, एकेका शब्दासाठी लहान मुलींची कसोटी लावली, त्याचाही एक शब्द संदर्भावाचून बाहेर पडताच असा परक्याच्या हाती गेला. मग आपली काय कथा!

१९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात त्यांची प्रकृती बिघडली. त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबविले, आणि १५ नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, देह ठेवला. शेवटच्या काळात भाषा सगळ्या गळून पडल्या होत्या. रामहरि एवढे नाम तेवढे उरले होते. इतक्या भाषा शिकलेला मनुष्य अखेरीस दोन शब्दांवर आला. ते दोन शब्द त्यांना आईच्या मांडीवरच मिळाले असतील.

या चरित्रावरून आपण काय घ्यावे? आज आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. जाऊ द्या, बिघडत नाही. विनोबाही फ्रेंच शिकले. पण घरी सांजवेळी हरिपाठ होतो तेव्हा ती मुले शेजारी बसतात, टाळ वाजवितात, आणि शब्दांचा अर्थ त्यांना लागत नाही. विनोबांच्या आईची जी अडचण संस्कृतापुढे होती, तीच आपल्या नातवंडांची आता मराठीपुढे होऊ लागली आहे. काला म्हणजे नुसता प्रसाद नव्हे, तर सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडी घास देणे, हे त्यांना कोण सांगणार? पंढरीला माहेर का म्हणतात, देव विटेवर उभा राहिला त्या पंढरीला सासुरवाशिणीसारखे ओढीने का जायचे, हे माहेर हा शब्द उमगल्याशिवाय कसे कळावे? शब्द गेला तर त्याच्याबरोबर ती दृष्टीही जाईल, आणि वारी म्हणजे पायी केलेली सहल तेवढी उरेल.

म्हणून आमची एक विनंती आहे. रोज हरिपाठ झाल्यावर त्यातला एकच शब्द घ्यावा आणि मुलांना समजावून द्यावा. मूल जिथे अडेल तिथे रागावू नये. आपण दुसरा सोपा शब्द शोधावा, घरातला दाखला द्यावा. ते काही दुसऱ्या भाषेत विचारील तर त्याच भाषेतून सुरुवात करून हळूहळू आपल्या शब्दापाशी आणावे. आणि शेजारी परप्रांतीय कुटुंब असेल तर त्यांच्या आजीच्या तोंडचे एखादे भजन आपणही अर्थासह ऐकावे. यासाठी पंडित असावे लागत नाही, वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही.

पांडुरंग ही बुद्धी आपणां सर्वांस देवो, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून आम्ही हे चरित्र येथे पुरे करतो. रामकृष्णहरी.